फ्यूज का जळला?

गोष्ट तशी साधीच आहे. गाडीत बसवायच्या एका ॲम्प्लिफायरची आहे. पण त्या गोष्टीत एका मुलावर आळ आला होता आणि आळ घेणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो, म्हणून ती लिहून काढीत आहे. लिहिताना थोडी लाज वाटते. परंतु हिशेबात चूक सापडली तर ती खरवडून काढायची नसते, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहायचा आणि खाली सही करायची असते, असे नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला शिकविले गेले. त्याच नियमाने हे लिहितो.

मी बी.कॉम. झालो आणि गेली बावीस वर्षे कारकुनी करतो. कल्याणला आमच्या वस्तीतल्या मंडळाचा मी खजिनदार आहे. पावतीपुस्तके, कॅशबुक, बँकेचे पासबुक सगळे माझ्याकडे असते. माझ्या धाकट्या भावाची एक जुनी मारुती ओम्नी आहे. आठवडाभर तो भाडी मारतो. रविवारी मात्र गाडी मंडळाच्या कामाला मिळते. रक्तदान शिबीर असो, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असो, की जयंतीची सभा असो. निवेदन मोबाइलवर बोलून भरून घ्यायचे, गाडीच्या टेपला जोडायचे, मागचा दरवाजा वर उचलायचा आणि गल्लीगल्लीतून सावकाश गाडी फिरवायची. नुसत्या टेपचा आवाज पुरत नाही, म्हणून वर्गणीतून एक चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर घेतला होता. जुनाच, 4,800 रुपयांचा. त्याची पावती माझ्या फाइलला आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. परभणी जिल्ह्यातले त्याचे गाव. ताई आणि भाऊजी दोघेही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. मुलगा त्या वेळी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला होता. बोलणे फार कमी, पण हाताला सतत काहीतरी काम लागते. घरातला बंद रेडिओ, मिक्सर, शेजारच्या काकूंची इस्त्री, त्याने काही सोडले नव्हते. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्याचा सगळा संसार असे. टाकून दिलेल्या बोर्डांवरून काढलेले सुटे भाग, सोल्डरची तार, दोन पेचकस आणि एक जुना मीटर.

2024 च्या मार्च महिन्याची सुरुवात होती. जयंतीच्या तयारीसाठी विहारात बैठक बोलावली होती. शे-सव्वाशे माणसे आली आणि नेमकी वीज गेली. विहारातला इन्व्हर्टर बिघडलेला, पण त्याची 12 व्होल्टची बॅटरी चांगली होती. कोणीतरी म्हणाले, "गाडीचा ॲम्प्लिफायर आणा, बॅटरीवर चालेल." दोनच दिवसांपूर्वी भाच्याने तो साफ करण्यासाठी गाडीतून काढून घरी आणला होता. भाचा घरी नव्हता. मी धावत जाऊन पेटी घेऊन आलो आणि मोबाइलच्या उजेडात तारा जोडल्या. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचलेली, अधिक-उणेच्या खुणा दिसत नव्हत्या. तार टेकवली. ठिणगी उडाली आणि बारीकसा "टक्" असा आवाज झाला. दिवा लागला नाही. मग मी तारांची अदलाबदल करून पाहिली. तरीही नाही. टॉर्चमध्ये सेल उलटे बसले तर टॉर्च लागत नाही, सुलटे केले की लागतो, एवढेच माझे ज्ञान. तेव्हा त्या अदलाबदलीचे मला काही विशेष वाटले नाही आणि मी ती विसरूनही गेलो.

"काल-परवा कोणी उघडला होता का?" एकाने विचारले.

"भाच्याने साफ केला होता," मी म्हणालो.

"मग झालं तर!" तो म्हणाला, आणि सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी तो एका दुकानात नेला. दुकानदाराने नवा फ्यूज घातला, तो बॅटरी जोडताक्षणीच उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग त्याने झाकण उघडून आत पाहिले आणि एका तारेचा ताजा डाग बोटाने दाखवला. "कुणीतरी आत हात घातलाय. बोर्ड गेलं. आता नवीनच घ्या, साडेसहा हजारांपर्यंत येईल." मला पुरावाच मिळाला. घरी येऊन मी भाच्याला समोर उभे केले.

"मामा, मी निस्ता ब्रश मारला होता. एका तारेचा डाग सुटला होता, तेवढा लावला."

"मग बंद कसा पडला?"

"एकदा बघू द्या ना मला."

"आता हात लावू नकोस. मंडळाचे पैसे आहेत ते."

तो काही बोलला नाही. डबा खाटेखाली सारला आणि भांडी घासायला मामीच्या मदतीला गेला.

त्यानंतर दहा-बारा दिवस तो घरात होता आणि नव्हताही. खाली मान घालून जेवायचा, वेळेवर आयटीआयला जायचा. एक दिवस शेजारच्या काकू इस्त्री घेऊन आल्या. तर हा म्हणाला, "मला येत नाही काकू." मी आतल्या खोलीतून ऐकले. त्या रात्री सौ. मला म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत, का नुसतं सांगितलंत?" मी उत्तर दिले नाही. तिला उत्तराची अपेक्षाही नसावी.

उत्तर मिळाले ते ऑफिसात. मार्चअखेर होती. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीचा ट्रायल बॅलन्स 1,800 रुपयांनी जुळत नव्हता. ती रडकुंडीला आली होती. म्हणाली, "सर, तात्पुरते सस्पेन्स खात्याला टाकू का?" मी तिला समजावून सांगू लागलो. "सस्पेन्सला टाकलं की दोन्ही बाजू जुळतात, पण चूक जागच्या जागीच राहते. आधी फरकाला नवाने भाग जातो का बघ. जात असेल तर बहुधा कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते." 1,800 ला नवाने भाग जात होता. दीड तासात नोंद सापडली. 5,340 च्या जागी 3,540 लिहिले गेले होते. आणि गंमत म्हणजे ती नोंद माझ्याच अक्षरातल्या व्हाउचरवरून तिने उतरवली होती. माझा पाच कोणालाही तीन वाटावा असाच असतो.

संध्याकाळच्या लोकलमध्ये दाराशी उभा असताना ते माझ्या डोक्यात आले. घरी मी काय केले होते? हिशेब जुळत नव्हता, म्हणून फरकाची सगळी रक्कम पोराच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. त्याचे नाव हेच आमचे सस्पेन्स खाते झाले होते. नोंदी कोणी तपासल्याच नव्हत्या.

घरी गेल्यावर चपला काढण्याआधी म्हणालो, "काढ तो डबा."

रविवारी सकाळी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून तो बसला. मी समोर बसलो. त्याने आधी झाकण उघडलेच नाही. म्हणाला, "मामा, आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं." पेटीच्या कडेला 20 अँपिअरचे दोन पिवळे फ्यूज होते. दोन्हींच्या आतली पट्टी तुटलेली. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आला आणि म्हणाला, "अरे, तार गुंडाळ ना फ्यूजला. आम्ही गाडीला नेहमी तेच करतो."

"नको धाकटे मामा. तार घातली तर फ्यूज जळणार नाही, पण मग आतलं सगळं जळंल. गाडीसुद्धा पेट घेऊ शकते. फ्यूज उडाला म्हणून तर आत काहीतरी वाचलं असंल."

मग त्याने झाकण उघडले आणि मला एकेक गोष्ट दाखवू लागला. आतापर्यंत मला वाटत होते की बॅटरीची वीज सरळ पेट्यांत जाते. तसे नसते. नुसत्या बॅटरीवर चार ओहमच्या पेटीला फार तर वीस-पंचवीस वॅट देता येतात. म्हणून ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागात बॅटरीचा दाब वाढवला जातो. तिथे एक लहानशी आयसी असते. तिच्या हुकमाने मॉसफेट नावाचे जाड ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. ती वीज तांब्याची तार गुंडाळलेल्या एका गोल कड्यातून जाते आणि पलीकडे अधिक व उणे असे पंचवीस-तीस व्होल्ट तयार होतात. दुसऱ्या भागात त्या विजेवर आवाज मोठा होतो.

झाकणावर मोठ्या अक्षरात 2000 वॅट असे छापले होते. मी सवयीने हिशेब केला. दोन फ्यूज मिळून 40 अँपिअर, गुणिले 12 व्होल्ट, म्हणजे 480 वॅट. गाडी चालू असताना थोडे जास्त. त्यातलेही बरेच उष्णतेत जातात. "अरे, जमा 480 आणि खर्च 2000 कसा?" मी म्हणालो. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच तो हसला.

त्याने मीटर लावला. अधिकच्या टोकाला एक काडी, उण्याच्या टोकाला दुसरी. मीटर पीं करून ओरडला. काड्या उलट केल्या, तरी ओरडला. म्हणजे आत कुठेतरी अधिक आणि उणे एकमेकांना सरळ भिडले होते. तिथे मॉसफेट होते, मोठे कपॅसिटर होते आणि टोकांच्या अगदी जवळ एक काळा, शेंगदाण्याएवढा डायोड होता. "कुठला गेला असेल?" मी विचारले. "अंदाज नाही करायचा मामा. जे उचलायला सोपं, ते आधी उचलायचं." त्याने सोल्डरिंगची कांडी तापवून त्या डायोडचा एक पाय वर काढला. पुन्हा मीटर लावला. मीटर गप्प.

मग त्याने मॉसफेट एकेक करून तपासले. सगळे शाबूत. नुसता डायोड तपासला, तर तो दोन्ही बाजूंनी ओरडत होता. चांगला डायोड एकाच बाजूने वीज जाऊ देतो.

"हा कशासाठी असतो रे?" मी विचारले.

त्याने मान खाली घातली. "राहू द्या मामा. नवा टाकतो."

"सांग ना."

"हा एरवी काहीच काम करत नाही. नुसता बसून असतो. बॅटरीच्या तारा उलट्या लागल्या, तरच ह्याच्यातून करंट जातो. मग फ्यूज उडतो आणि बाकीचं वाचतं. पण कधी कधी त्यात हा स्वतःच शॉर्ट होऊन बसतो. मग नवा फ्यूज टाकला की तोपण लगेच उडतो."

"म्हणजे तारा उलट्या लागल्याशिवाय हा जळत नाही?"

"सहसा नाही."

मला तो अंधार आठवला, ती पांढरी भुकटी, ती ठिणगी आणि तो "टक्". त्या पेटीला त्या दिवशी तारा लावणारा मी एकटाच होतो.

"तुला हे आधीच कळलं होतं का?"

"नवा फ्यूज लगेच उडाला असं तुम्ही सांगितलं, तेव्हा वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही हात लावू नको म्हणालात ना."

सौ. दारात उभी होती. ती पटकन आत चहा करायला गेली. मी त्याला म्हणालो, "चूक माझी होती रे. त्या दिवशी उलट्या तारा मी लावल्या." तो म्हणाला, "अंधारात होतं असं." एवढेच. माझ्या मनात आले, मी मात्र त्याला भर उजेडात उभे करून बोललो होतो.

स्टेशनजवळच्या दुकानातून 6 अँपिअरचा डायोड आणला, 12 रुपयांना. पिवळे फ्यूज चार, 40 रुपये. साडेसहा हजारांच्या जागी 52 रुपये. नवा डायोड लावताना त्याने त्यावरचा पट्टा कोणत्या बाजूला आहे ते दोनदा पाहिले. पट्ट्याची बाजू अधिककडे. मग एकदम बॅटरी न जोडता त्याने वाटेत गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. म्हणाला, "आत अजून शॉर्ट असंल तर बल्ब पूर्ण पेटून राहील, नुकसान होणार नाही. नसंल तर चमकून मंद होईल." बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला. मग ज्या बारीक तारेने टेप ॲम्प्लिफायरला चालू होण्याचा निरोप देतो, त्या टोकाला त्याने अधिकची तार टेकवली. हिरवा दिवा लागला.

संध्याकाळी पेटी गाडीत बसवली आणि लाल दिवा लागला. माझ्या छातीत धस्स झाले. "घाबरू नका मामा. हा स्वतःला सांभाळतोय, म्हणून लाल झालाय." त्याने पेट्यांकडे जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवल्या. दिवा हिरवा झाला. मग दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करून एकेक तार जोडत गेला. एक जोडली, हिरवा. दुसरी जोडली, हिरवा. मागच्या डाव्या पेटीची जोडली, लाल. ती तार सीटखाली लोखंडी पट्टीला घासून उघडी पडली होती आणि गाडीच्या पत्र्याला लागत होती. तिला टेप गुंडाळून वेगळ्या वाटेने नेली. काळी तार जिथे पत्र्याला कसली होती, तिथला रंग आणि गंज कानशीने घासून बोल्ट पुन्हा आवळला. आवाज सुरू झाला, पूर्वीपेक्षा स्वच्छ.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि जसे घडले तसे सांगितले. काही जण हसले, काही गप्प बसले. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या, झालं गेलं." मी म्हणालो, "नाही. मुलावर आळ ह्याच हॉलमध्ये आला होता. तो चुकीचा होता, हे प्रोसिडिंग बुकात लिहा." सेक्रेटरींनी लिहिले आणि त्याखाली मी सही केली. कॅशबुकात मी नोंद केली: ॲम्प्लिफायर दुरुस्ती, साहित्य 52 रुपये. मजुरी म्हणून मंडळाने 500 रुपये मंजूर केले. ते त्याने मोजून घेतले, व्हाउचरवर सही केली आणि गावी आईला पाठवले. जयंतीच्या आधीच्या दोन्ही रविवारी गाडी फिरली तेव्हा तो पुढच्या सीटवर बसला होता. शेजारच्या काकूंच्या इस्त्रीचाही नंबर लागला.

ज्यांच्या घरी किंवा मंडळात अशी पेटी आहे, त्यांच्यासाठी त्याच्याकडून शिकलेले थोडक्यात लिहितो. काम करण्याआधी बॅटरीची उण्याची तार सोडवावी. आधी फ्यूज पाहावा, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा, तार कधीही गुंडाळू नये. फ्यूज चांगला असेल, तर गाडी चालू असताना अधिक आणि उण्याच्या टोकांवर साधारण 14 व्होल्ट येतात का, चालू करणाऱ्या बारीक तारेवर 12 व्होल्टच्या आसपास येतात का, हे मीटरने पाहावे. लाल दिवा लागला तर पेट्यांच्या तारा सोडवून एकेक जोडत जावे. हे सगळे बरोबर असेल तरच झाकण उघडावे, आणि ते उघडण्याचे काम जाणकाराला द्यावे, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही काही वेळ वीज साठलेली असते. आणि तारा जोडताना अधिक-उणे दिसत नसेल, तर उजेड येईपर्यंत थांबावे. सभा दहा मिनिटे उशिरा सुरू झाल्याने काही बिघडत नाही.

भाचा आयटीआय पास झाला आणि एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. तो जळका डायोड मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. ऑफिसात एखादा हिशेब जुळेनासा झाला आणि कोणी घाईने सस्पेन्स खात्याकडे बोट दाखवू लागले, की मी खण उघडून तो बाहेर काढतो. नव्या मुलीने एकदा विचारले, "सर, हे काय आहे?" मी म्हटले, "माझ्या अक्षरातला पाच आहे."